दरबारानंतर : टिळकांचा वारसा आणि लक्ष्मीबाईंची श्रद्धा

१९१७ साली मिशनची चाकरी सोडून ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये ते निवर्तले. चर्चमध्ये पद रिक्त होते व भरले जाते; गुरुभावावर उभ्या असलेल्या दरबारात भरण्यासारखे पदच नव्हते. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' मात्र लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. याला पत्नीधर्म म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पटणारे नाही. टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर तब्बल पाच वर्षांनी, सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडून त्या ख्रिस्ताकडे आल्या. पतीच्या लहरींची 'स्मृतिचित्रे'त मनमुराद थट्टा करणारी ही लेखणी शिष्येची नव्हे. 'ख्रिस्तायना'तील बहुसंख्य अध्याय तिचेच आहेत; तरी अभ्यासक ग्रंथाच्या कर्तृत्वाची चर्चा टिळकांपासून सुरू करून बहुधा तेथेच थांबवतात.