दारावरची थाप

कायद्याची पुस्तके कादंबरीसारखी वाचू नयेत म्हणतात. पण मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. मला निकालपत्रातही आधी माणूस दिसतो.

खरकसिंग हा असाच एक माणूस. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरी उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दारावर थाप पडे, हाका येत आणि त्याला झोपेतून उठावे लागे.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. इथवर वाचून मी सुखावलो. पण त्याच निकालात बहुमताने असेही सांगितले, की खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही! माझा आक्षेप आहे तो इथे. माणसाची झोप राखायची आणि ज्या हक्काने ती राखायची त्याचे नाव मात्र पुसायचे, ही विसंगती माझ्या एखाद्या पात्राने केली असती, तर टीकाकारांनी मला सोडले नसते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत मांडले. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच गाभा आहे, आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याला सारा देशच तुरुंग होतो, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय. त्या निकालपत्रातला हाच भाग मला साहित्याच्या जवळचा वाटतो. कारण त्यात थाप मारणाऱ्याचा नव्हे, दचकून उठणाऱ्याचा विचार आहे.

हे मत मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणारा निकालही त्यांनी चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालात यशवंतराव चंद्रचूड होते. नव्यात तो चूक म्हणणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय. मी हा प्रसंग रचला असता, तर वाचकहो, तुम्ही योगायोग म्हणून नाक मुरडले असते.

‘लपवण्यासारखे नाही, तर भ्यायचे कशाला?’ असे पुष्कळजण विचारतात. मीही विचारीत असे. एकदा वर्गात एका मुलाच्या वहीतली चिठ्ठी मी मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला, तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. चिठ्ठीत लपवण्याजोगे काहीच नव्हते. जपण्याजोगे होते. हा भेद मला वर्गात कळला नाही. तो निकालपत्र वाचताना कळला, ह्याची आजही लाज वाटते.

दिवाळीत आपली दारे सताड उघडी असतात. पाहुणा येतो, फराळ होतो, घर आनंदते. पण ते दार आपण आपल्या हाताने उघडलेले असते, म्हणूनच तो सण असतो.