भिंतीवरचे बाबूराव

चित्रपट पाहून घरी परतताना आपण नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो, क्वचित दिग्दर्शकाविषयीही बोलतो. पण ज्या चित्राने आपल्याला तिकिटाच्या खिडकीपर्यंत ओढून नेले, त्या भिंतीवरच्या पोस्टराची आठवण कुणी काढीत नाही. खेळ बदलला की त्यावर दुसरा कागद चिकटतो आणि बिचारे चित्र खळीखाली गाडले जाते.

फ्रान्समध्ये मात्र त्याला थोडे बरे दिवस आले. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ साली पॅरिसच्या 'मूलाँ रूज' या नृत्यगृहाचे पोस्टर केले. मध्ये नाचणारीचे पांढरे झगझगीत झालरदार परकर, मागे प्रेक्षकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या आणि पुढे एका उंच पुरुषाची करडी सावली, एवढाच त्याचा ऐवज. त्या काळी पॅरिसमधले शौकीन अशी पोस्टरे भिंतींवरून उतरवून घरी नेत असत!

आपल्याकडे त्या वाटेने गेलेला माणूस शोधावयाचा तर कोल्हापूर गाठावे लागते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) यांचे आडनाव लोक विसरले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने कॅमेरा घडविला आणि १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा पहिला मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी आपल्या पुण्यातच, मंडईजवळच्या 'आर्यन'मध्ये झळकला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते याच वर्षी.

हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. मला लक्ष वेधावयाचे आहे ते 'वत्सलाहरण' (१९२३) आणि 'कल्याण खजिना' (१९२४) यांसाठी त्यांनी केलेल्या रंगीत पोस्टरांकडे. पडदे रंगविणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चित्र कळले पाहिजे. रस्त्यावरून चालणारा माणूस म्हणजे तोच शेवटच्या रांगेतला प्रेक्षक! मूकपट काळापांढरा, परंतु पोस्टर रंगीत. पडद्यावर न मिळणारा रंग बाबूराव भिंतीवर देत होते. वेषभूषेची आणि देखाव्यांची रेखाटनेही त्यांचीच असल्यामुळे पोस्टर हा त्यांना धंद्याचा भाग वाटला नाही. तो चित्रपटाचाच पहिला प्रवेश होता.

त्यांच्यात दोष नव्हता असे नाही. लोत्रेक गाळता गाळता मोठा झाला. बाबूरावांची घडण राजा रविवर्म्याच्या वळणाची. तिला दागिना, जरी, छायाप्रकाश यांपैकी काहीच सोडवत नाही. पोस्टर म्हणून पाहिले तर ही भरगच्चता थोडी जड होते. परंतु आपण हेही लक्षात घ्यावे, की ज्या प्रेक्षकांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, ते देव ओळखीत मुकुटावरून आणि राजा ओळखीत जिरेटोपावरून. त्यांच्याशी बोलावयाचे तर गाळून कसे चालेल?

आणि दैवाचा खेळ पाहा. 'सैरंध्री' गेला, 'सावकारी पाश' (१९२५) गेला. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही तुकडेच काय ते उरले. 'कल्याण खजिना' आज पडद्यावर पाहता येत नाही, पण त्याचे पोस्टर शिल्लक आहे. भारतातल्या शिल्लक राहिलेल्या चित्रपट-पोस्टरांत ते सर्वांत जुने मानले जाते. दवंडी राहिली आणि जिच्यासाठी पिटली ती जत्रा उठून गेली! ज्याला आपण जाहिरात म्हणून फाडून टाकतो, तेच उद्या कलावंताचे मृत्युपत्र ठरते.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे 'प्रभात'चे झाले आणि १९३३ साली पुण्यास आले. पुण्याने त्यांचे चित्रपट डोक्यावर घेतले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ पासून याच गावात आहे. पण भिंतीवरच्या चित्राची कदर संग्रहालयानेच करावी असे थोडेच आहे?

फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या या अंकाचे मुखपृष्ठ आपण पाहिलेच असेल. ते रंगविणाऱ्याचे नाव मात्र वाचले का? नसेल, तर पान उलटण्यापूर्वी एकदा वाचावे. बाबूरावांच्या स्मरणार्थ एवढे तरी आपल्याला सहज करता येईल.