मेंडेल्सोनची पाचवी सिम्फनी : एक रसग्रहण

ल्यूथरच्या पंथाच्या उत्सवासाठी लिहिलेली सिम्फनी आपण बेने इस्राएलांनी का म्हणून ऐकावी, असा प्रश्न काही वाचक बंधुभगिनींना पडेल. प्रश्न रास्त आहे. ज्या मार्टिन ल्यूथरने १५४३ साली यहुद्यांविरुद्ध विषारी पुस्तक लिहिले, त्याचेच स्तोत्र या रचनेच्या शेवटी दुमदुमते. आणि ती रचणारा फेलिक्स मेंडेल्सोन हा तोराचे जर्मन भाषांतर करणाऱ्या मोझेस मेंडेल्सोन यांचा सख्खा नातू! तरीही ती ऐकावी, असे आमचे मत आहे.

फेलिक्सचा जन्म १८०९ साली हॅम्बुर्ग येथे झाला. तो सात वर्षांचा असताना, १८१६ साली, वडिलांनी मुलांना बाप्तिस्मा देवविला. म्हणजे धर्म बदलण्याचा निर्णय त्याचा नव्हता. मात्र मोठेपणी तो मनापासून ल्यूथरन म्हणून जगला, हेही खरे. एका गोष्टीत मात्र त्याने वडिलांचे ऐकले नाही. मेंडेल्सोन हे नाव टाकून केवळ बार्थोल्डी लावावे, हा त्यांचा आग्रह त्याने मानला नाही.

२५ जून १५३० रोजी ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरच्या अनुयायांनी आपल्या श्रद्धेची कबुली बादशहापुढे मांडली होती. त्याला १८३० साली तीनशे वर्षे पूर्ण होणार, म्हणून फेलिक्सने ही सिम्फनी लिहावयास घेतली. मध्येच त्याला गोवर आला. गोवर हा मुलांचा आजार म्हणतात. पण प्रौढ माणसाला तो कसा लोळवतो, हे आम्ही परिचारिकेच्या पेशात डोळ्यांनी पाहिले आहे. मे महिन्यात रचना पुरी झाली, पण उत्सवात ती वाजली नाही. १८३२ साली पॅरिसच्या वादकांनी तालमीनंतर ती नाकारली. त्यांना तीत पांडित्य फार आणि गोडवा कमी वाटला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये ती प्रथम सादर झाली. पुढे खुद्द फेलिक्सचेच मन तिच्यावरून उडाले. १८४७ साली, अवघ्या ३८ व्या वर्षी, तो वारला. सिम्फनी छापली गेली ती १८६८ साली. म्हणून रचनेच्या क्रमाने दुसरी असूनही ती पाचवी म्हणून ओळखली जाते.

आता संगीताकडे वळू. सिम्फनीचे भाग चार, आणि सगळे मिळून अर्धा तास. पहिल्या भागाचा आरंभ संथ आहे. खालच्या सुरांतील तंतुवाद्ये एकामागून एक एकच चाल उचलतात, फुंकवाद्ये ललकारी देतात आणि अचानक सर्व शांत होऊन व्हायोलिने अगदी हलक्या सुरात एक चढती स्वरावली वाजवतात. हे ‘ड्रेस्डेन आमेन’. ड्रेस्डेनच्या चर्चमध्ये अशा सुरांत ‘आमेन’ गात असत. पुढे वागनरनेही ते ‘पार्सिफाल’मध्ये वापरले, त्याच वागनरने, ज्याने १८५० साली यहुदी संगीतकारांवर विखारी लेख लिहिला!

आमेननंतर वादळ उठते. मुख्य चाल आवेशाने येते, झुंजते. झुंज ऐन भरात असताना पुन्हा तेच आमेन ऐकू येते, आणि मघाची ती आवेशी चाल आता दबक्या पावलांनी परतते. आमच्या मते साऱ्या सिम्फनीतील हा सर्वांत खरा क्षण होय.

दुसरा भाग हलकाफुलका, नाचरा. त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. तिसरा भाग चारएक मिनिटांचाच, पण मनात घर करतो. व्हायोलिने माणसाने एकट्याने गावे तशी गातात; वाक्य अर्धवट सुटते, पुन्हा सुरू होते. उत्तर मिळत नाही. तेवढ्यात एकटी बासरी ल्यूथरचे ‘आमचा देव बळकट दुर्ग आहे’ हे स्तोत्र सुरू करते आणि हळूहळू इतर वाद्ये तिला साथ देतात. इथून चौथा भाग.

बासरीचा हा आरंभ सुंदर आहे. पण पुढे जो विजयोत्सव चालतो, तो आम्हाला पटला नाही. स्तोत्र पुन्हा पुन्हा येते, अखेरीस सारा वाद्यवृंद ते गर्जून वाजवतो. परंतु तिसऱ्या भागाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या गर्जनेत नाही. जिथे संगीत खात्रीने बोलते तिथे ते उपरे वाटते. जिथे ते विचारते, विनवते, तिथे ते आपले वाटते.

आपले वाटते, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वाडवडिलांनी तोरातील कथांवर मराठी कीर्तने रचली. साकी, दिंडी, ओवी हे साचे हिंदू शेजाऱ्यांचे, कथा मात्र आब्राहाम-योसेफाच्या. चाल उसनी घेऊन श्रद्धा आपली राखता येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग ज्याची श्रद्धा दुसऱ्या घरी गेली, त्याची चाल ऐकण्यात आपण का बिचकावे? नावाचा विसर जगाने त्याला पडू दिलाच नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये नाझींनी लाइप्झिगमधील त्याचा पुतळा हटवला. पुढच्याच महिन्यात, २६ डिसेंबर रोजी, तेल अवीवमध्ये तोस्कानिनी यांनी नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम केला, त्यात मेंडेल्सोनचे संगीत होते.

याच संगीतकाराने १८४६ साली बर्मिंगहॅम येथे आपल्या एलियाहू हन्नाबीवरील भव्य गानरचना सादर केली. मलिद्याचे ताट मांडून एलियाहूला स्मरणाऱ्या घरांनी तीही ऐकावी. पण आधी ही सिम्फनी. पहिला आणि तिसरा भाग सलग दोनदा ऐका, चौथा एकदा पुरे. आणि हलक्या सुरातले ते आमेन येईल, तेव्हा घरात कोणाला बोलू देऊ नका.