शीशमहालातील गीत : एका अपेक्षाभंगाची मीमांसा

सणाच्या मुहूर्तावर येणाऱ्या संगीतप्रधान चित्रपटाकडून प्रेक्षक कथेच्या नावीन्याची अपेक्षा करीत नाही. परिचित कथा गीतांच्या योगाने पुन्हा जिवंत व्हावी, एवढेच त्याचे मागणे असते. सूरज बडजात्या यांचा 'प्रेम रतन धन पायो' हा हिंदी चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, प्रदर्शित झाला. दुरावलेल्या भावाबहिणींचे मनोमीलन हा त्याचा एक प्रमुख विषय. दुसऱ्याच दिवशी भाऊबीज होती. मुहूर्त उचित होता. बडजात्यांनीच 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये घरगुती समारंभ व गीत यांची घातलेली सांगड स्मरणात असल्याने अपेक्षाही मोठी होती. तिचा भंग का झाला, हा प्रश्न विचारार्ह आहे.

दोष नेपथ्याचा नव्हे. चित्रपटातील शीशमहाल कै. नितीन चंद्रकांत देसाई यांनी आपल्या एन. डी. स्टुडिओत उभारला. २००५ साली स्थापन झालेला हा स्टुडिओ खालापूर तालुक्यात, चौकनजीक आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र तो 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणूनच रूढ झाला. 'जोधा अकबर' (२००८) मधील मोगल वास्तूही तेथेच उभ्या राहिल्या होत्या. त्या कारागिरीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

वैगुण्य आहे ते गीत व वास्तू यांच्या संबंधात. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्येही शीशमहाल आहे; परंतु तेथे अनारकलीचे प्रतिबिंब आरशाआरशांतून उमटते आणि एका नर्तकीस दडपू पाहणारा सम्राट चहूकडून तिनेच वेढला जातो. आरसे तेथे शोभा नसून उद्दीपन विभाव आहेत. प्रस्तुत चित्रपटाचे कथानक तर समान मुखाच्या दोन पुरुषांचे : राजपुत्राच्या जागी वावरणाऱ्या तोतयावर नायिका प्रेम करते. बिंब व प्रतिबिंब यांतील हे द्वंद्व आरशांतून गीतबद्ध करण्याची संधी आयती चालून आली होती. शीर्षकगीतात मात्र आरसे केवळ झगमगतात. अखेरच्या झटापटीत ते कथेच्या उपयोगी पडतात, पण तेथे गीत उरलेले नसते.

त्याच पाडव्यास सुबोध भावे दिग्दर्शित 'कट्यार काळजात घुसली' हा मराठी चित्रपटही प्रदर्शित झाला. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकावरील या चित्रपटात वैभव आहेच. परंतु राजगायकपद कोणाचे, हे गाण्यानेच ठरते आणि उगारलेल्या कट्यारीलाही गाणेच थोपविते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (१८८०) मराठी रंगभूमीने जोपासलेली दृष्टी हीच होय : जेथे गद्य संवाद अपुरा पडतो, तेथे पद जन्मास येते.

'प्रेम रतन धन पायो' मधील गीते वगळली तरी कथानकाचा फारसा काही भाग गळत नाही. प्रेक्षकाच्या निराशेचे मूळ येथे आहे. सणाची रोषणाई त्यास लाभली. जिच्यासाठी दिवे लावावेत ती घटना गीतांतून घडलीच नाही.