जेरुसलेम म्हणजे ‘शांतीचं शहर’?

प्रवासवर्णन असो, प्रवचन असो, हे वाक्य तयारच असतं: जेरुसलेम म्हणजे शांतीचं शहर. प्रबंधात ते तसंच उतरवण्याआधी जरा फोड करून बघा.

हिब्रूतलं नाव येरुशालायिम. उत्तरार्धात ‘शालोम’ ऐकू येतं, म्हणून शांती. ठीक. पण ‘शहर’ कुठून आलं? हिब्रूत शहराला ‘ईर’ म्हणतात, ‘येरू’ नव्हे. मग सुमेरी ‘उरू’चा, म्हणजे शहराचा, आधार घेतला जातो. कारण १८८७ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या अमार्ना पत्रांत, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकात, हे नाव ‘उरुसलिम’ असं येतं. गंमत अशी, की त्या मातीच्या पाट्यांवर नावाआधी ‘पुढे शहराचं नाव आहे’ हे सांगणारं वेगळं चिन्ह दिसतं आणि नंतर उ-रु-स-लिम अशी अक्षरं. म्हणजे लेखनिकाच्या लेखी ‘उरु’ हा नावाचाच तुकडा. तो शहर हा शब्द दोनदा कशाला लिहील?

अभ्यासकांमध्ये जास्त मान्य असलेली व्युत्पत्ती वेगळी आहे: ‘पाया घालणे’ या अर्थाचा धातू आणि शालीम हा देव, म्हणजे ‘शालीमने वसवलेलं’. शालीम हा संध्याकाळचा देव. उगारितच्या पाट्यांत तो पहाटेच्या शाहारबरोबर येतो. अमार्ना पत्रं पाठवणारा तिथला राजा अब्दी-हेबा, म्हणजे हेबा देवीचा सेवक. अशा गावाच्या नावात एखादा देव असणं स्वाभाविकच. तरी हाही तर्कच आहे, हे लिहायला विसरू नका. आणि शालीम व शालोम या दोन्हींचा धातू एकच, पूर्णत्वाचा. त्यामुळे शांतीवाले अगदीच हवेत बोलत नाहीत.

माझा आक्षेप दोन प्रश्नांची सरमिसळ करण्यावर आहे. नाव कशावरून पडलं, हा एक. नंतरच्या लोकांनी त्यात काय वाचलं, हा दुसरा. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र ‘सालेमचा राजा’ म्हणजे शांतीचा राजा असं सांगतं. यहुदी परंपरेतलं ‘बेरेशित रब्बा’ हे नाव ‘यिरे’ आणि ‘शालेम’ अशा दोन नावांच्या जोडणीतून लावतं. दोन्ही मौल्यवान पुरावे, पण दुसऱ्या प्रश्नाचे.

‘-आयिम’ या द्विवचनी शेवटावरून ‘वरचं आणि खालचं अशी दोन शहरं’ काढणारेही भेटतील. त्यांना विचारा: हिब्रू बायबलच्या मूळ व्यंजनलेखनात बहुतेक ठिकाणी तो ‘य’ नाहीच. ‘आयिम’ हा उच्चार दाखवणाऱ्या खुणा कित्येक शतकांनी आल्या. मग दोन शहरं नेमकी कुठल्या काळातली?