संसाराचा खेळ आणि अद्भुत

कादंबरीनें अद्भुताची कांस धरावी कीं रोजच्या संसाराचें चित्र रेखाटावें, हा वाद मराठी वाचकांस नवा नाहीं. 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीपासून हरिभाऊ आपट्यांपर्यंतची वाटचाल हा एका अर्थीं त्याचाच इतिहास होय. तोच वाद आज संसाराचें अनुकरण करणाऱ्या व्हिडिओ गेमांविषयीं चालू आहे. ज्या घरांत पूर्वीं भातुकली मांडली जाई, तेथें आतां मुलें संगणकाच्या पडद्यावर घर थाटतात. तेव्हां हा प्रश्न केवळ खेळणारांवर सोपवून सुशिक्षितांनीं स्वस्थ बसावें हें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

या प्रकारांतील अग्रगण्य कृति म्हणजे विल राइट या अमेरिकन रचनाकाराचा 'द सिम्स' (२०००). १९९१ सालीं ओकलंड येथील वणव्यांत राइट यांचें घर भस्मसात झालें. गेलेला संसार पुन्हां उभारतांना माणसाला खरोखर कोणत्या वस्तु लागतात, या विचारांतून या खेळाची कल्पना निघाली. खेळणारानें एक कुटुंब निर्माण करावें, २०,००० सिमोलियनांच्या भांडवलावर घर उभें करावें आणि भूक, झोंप, स्वच्छता, सोबत इत्यादि आठ गरजा भागवीत त्या मंडळींस जगवावें, असा हा खेळ. प्रथम पाहणारास यांतील वास्तव चकित करतें. भांडीं तशींच टाकल्यास माशा घोंगावतात. स्वयंपाकांत अनभिज्ञ असणाराच्या हातून आग लागते. लागोपाठ दोन दिवस कामावर न गेल्यास नोकरी जाते.

मात्र याच मालिकेंत पुढें परग्रहवासी आले, २००३ सालीं जादू आली, आणि २०१७ सालीं 'द सिम्स ४'मध्यें व्हँपायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चें, अवतरलीं. एक पक्ष म्हणतो, संसाराच्या चित्रांत पिशाच्च कशाला? दुसरा विचारतो, भांडीं घासण्यासाठीं खेळ कशाला. तीं घरींही आहेतच! (विनोदाचा मान दुसऱ्या पक्षाकडे जातो, हें खरें.) परंतु दोन्ही पक्ष अद्भुत शोधावयास भलत्याच ठिकाणीं जातात, असें आमचें मत आहे.

पिशाच्चाचेंच पाहा. त्यास ऊन सोसत नाहीं. फार वेळ उन्हांत राहिल्यास तें जळून मरतें. त्याची तहान टळत नाहीं. शक्ति जसजशी वाढते, तसतशीं नवीं वैगुण्येंही पत्करावीं लागतात. म्हणजे येथें प्रत्येक लाभाला किंमत आहे. आतां त्याच्या शेजारचा, सर्वस्वीं 'वास्तव' असा नोकरदार घ्या. कौशल्य वाढवावें, मन प्रसन्न ठेवावें, वेळेवर कामावर जावें, कीं बढती बहुधा ठरलेली! वशिला, जागांची टंचाई, वरिष्ठांची अवकृपा यांचें नांव नाहीं. पहिल्या खेळांत तर मैत्री अंकांत मोजली जाई आणि बढतीसाठीं मित्रांची ठराविक संख्या लागे. महाग पलंगावर झोंप लवकर पुरी होई. पैसा अपुरा पडल्यास 'रोझबड' हा गुप्त शब्द टाइप करतांच १,००० सिमोलियन हातीं येत. अल्लाउद्दिनाच्या दिव्याला निदान घासावें तरी लागत असे! उपभोगलोलुपतेचा उपहास राइट यांस अभिप्रेत होता हें आम्ही जाणतों. पण उपहास ओळखण्यास प्रौढ दृष्टि लागते. पंधरा वर्षांच्या मुलास तो जगाचा नियमच वाटण्याचा संभव आहे, आणि आमची खरी तक्रार ती हीच.

या दृष्टीनें 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' (२०२०) हा जपानी खेळ आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. त्यांत टॉम नूक नांवाचा बोलका प्राणी घरासाठीं कर्ज देतो. व्याज नाहीं, मुदतही नाहीं. परंतु प्राणीच सावकार असल्यामुळें शाळकरी मूलसुद्धां त्यास बँक समजत नाहीं.

पहिल्या 'सिम्स'मध्यें प्रौढ माणसें म्हातारीं होत नसत आणि शाळेंतलीं मुलें मुलेंच राहत. 'द सिम्स २' (२००४) मध्यें वार्धक्य आलें, पिढ्या आल्या. या मालिकेचें वास्तवाकडे पडलेलें सर्वांत मोठें पाऊल आमच्या मतें हेंच. पण 'द सिम्स ४'मध्यें वय वाढणें एका खुणेसरशीं बंद करतां येतें. तें बंद करून मग शेजारच्या पिशाच्चास अवास्तव म्हणणाऱ्या टीकाकारास काय उत्तर द्यावें?