भय, दहशत आणि अभय : ब्रेख्तच्या ‘आर्तुरो उई’ नाटकातील सत्ताप्राप्तीची मीमांसा

प्रस्तावना

राजकीय चळवळी लोकांच्या आशा-आकांक्षांवर जशा उभ्या राहतात, तशाच त्या लोकांच्या भीतीवरही उभ्या राहतात. भीतीच्या बळावर सत्ता कशी मिळवली जाते, याचे विसाव्या शतकातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे जर्मनीतील नाझी पक्षाचा उदय होय. या उदयावर जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त याने १९४१ मध्ये, फिनलंडमध्ये निर्वासित म्हणून राहत असताना, ‘आर्तुरो उईचा टाळता येण्याजोगा उत्कर्ष’ हे नाटक लिहिले. त्याच्या हयातीत ते रंगमंचावर आले नाही. १९५६ मध्ये ब्रेख्तचे निधन झाले आणि १९५८ मध्ये स्टुटगार्ट येथे नाटकाचा पहिला प्रयोग झाला. भीतीचे सत्तेत रूपांतर नेमके कोणत्या क्षणी होते, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या नाटकाची चिकित्सा केली आहे.

भय, दहशत आणि अभय हे तीन शब्द या चिकित्सेस उपयुक्त आहेत. भय परिस्थितीतून येते. बेकारी, महागाई, उद्याची अनिश्चितता ही त्याची कारणे. दहशत मात्र कोणीतरी बसवावी लागते. आणि अभय ही देण्याघेण्याची गोष्ट आहे. जो ते देतो तो मोठा होतो व जो घेतो तो त्याचा अंकित होतो. भयाचा आधार घेऊन दहशत बसवायची आणि मग त्याच दहशतीपासून अभय देऊ करायचे, असा हा तीन पायऱ्यांचा व्यवहार आहे.

नाटकाचे कथानक आणि त्यामागील इतिहास

ब्रेख्तने जर्मनीचा इतिहास अमेरिकेतील शिकागो शहरात नेऊन ठेवला आहे. तेथील फुलकोबीच्या व्यापाऱ्यांचा संघ मंदीत सापडला आहे. डॉग्जबरो या वृद्ध व सचोटीबद्दल ख्यातनाम असलेल्या पुढाऱ्याला जहाज कंपनीचे भाग आणि एक वाडा देऊन संघ आपल्या बाजूला वळवतो व शहराच्या तिजोरीतून कर्ज मिळवतो. आर्तुरो उई या टोळीप्रमुखाला याचा सुगावा लागतो. तो डॉग्जबरोला कोंडीत पकडतो आणि भाजीविक्रेत्यांना ‘संरक्षण’ देऊ लागतो. डॉग्जबरो म्हणजे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग, उई म्हणजे हिटलर, आणि रोमा, गिरी व गिवोला हे उईचे साथीदार म्हणजे अनुक्रमे र्‍योम, ग्योरिंग व गोबेल्स, हे प्रेक्षकाच्या सहज ध्यानात येते.

संरक्षण ही वस्तू विकायची तर आधी तिची गरज निर्माण करावी लागते, हे उईला पक्के ठाऊक आहे. भाजीविक्रेत्यांसमोर तो असुरक्षिततेवर भाषण करीत असतानाच हूक या व्यापाऱ्याच्या गोदामाला आग लागते. आग लावणारे आणि आगीपासून वाचवू पाहणारे हात एकच आहेत, हे जमलेल्यांना कळत नाही असे नाही. पण ते बोलण्याची किंमत मोठी आहे. पुढे न्यायालयात फिश नावाच्या बेकार माणसाला गुन्हेगार ठरवले जाते.

या प्रसंगामागे २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशस्टाग या संसदभवनाला लागलेली आग आहे. ब्रेख्तने ती उईच्या टोळीच्या पदरात टाकली आहे. प्रत्यक्षात मारिनुस वान डेर लुब्बे या डच तरुणाला दोषी ठरवून जानेवारी १९३४ मध्ये देहदंड देण्यात आला, तर त्याच्यासोबतचे चार कम्युनिस्ट आरोपी निर्दोष सुटले. आग त्याने एकट्याने लावली की त्यामागे अन्य कोणी होते, याविषयी इतिहासकारांत दीर्घकाळ वाद झाला. तथापि भीतीच्या राजकारणाच्या दृष्टीने आग कोणी लावली यापेक्षा तिचा उपयोग कोणी व किती तत्परतेने केला हे महत्त्वाचे ठरते. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, जनता व राज्य यांच्या ‘संरक्षणा’साठी म्हणून अध्यादेश निघाला आणि व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, मुद्रण व सभा यांविषयीचे घटनादत्त हक्क स्थगित झाले. राजवट संपेपर्यंत ते परत मिळाले नाहीत. अध्यादेशाच्या नावातच ‘संरक्षण’ हा शब्द असावा, ही बाब ब्रेख्तच्या रूपकाची अचूकता सिद्ध करते.

अभय स्वीकारणारे कोण?

या नाटकाचे सर्वांत मोठे बलस्थान उईच्या क्रौर्याच्या चित्रणात नाही. उई आरंभी हास्यास्पद आहे. त्याला नीट चालता-बोलता येत नाही. एका जुन्या नटाकडून तो उभे राहण्याची ढब व वक्तृत्व शिकतो. व्यापारी संघही सुरुवातीस त्याला झिडकारतो. असा माणूस मोठा होतो तो भ्यालेल्यांच्या गर्दीमुळे नव्हे, तर आपला लाभ सांभाळण्यासाठी प्रतिष्ठितांनी त्याचे अभय स्वीकारल्यामुळे, हे ब्रेख्तचे प्रमुख प्रतिपादन आहे.

इतिहासातील आकडे या प्रतिपादनास पुष्टी देतात. १९२८ मध्ये नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. मंदी व बेकारी वाढत गेली तशी ती १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली. परंतु नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत ती ३३.१ टक्क्यांपर्यंत घसरली आणि जागा २३० वरून १९६ वर आल्या. म्हणजे ओहोटी सुरू झालेली असताना ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. कम्युनिस्टांच्या भयाने आणि हिटलरला आपण आवरू शकू या भ्रमाने पछाडलेल्या फॉन पापेन प्रभृती पुराणमतवादी नेत्यांनी हिंडेनबुर्गचे मन वळवले. ‘टाळता येण्याजोगा’ हे शीर्षकातील विशेषण म्हणूनच केवळ उपरोधिक नाही. ते वस्तुस्थितीचे विधान आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथेही परवान्यावाचून रात्री बाहेर पडता न येणारे शहर आहे आणि दहशतीचे हत्यार प्रतिष्ठित सत्ताधाऱ्यानेच हाती धरलेले आहे. मात्र दोन्ही नाटकांतील भेद अर्थपूर्ण आहे. नाना फडणवीस काम संपताच घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करतो आणि स्वतः शाबूत राहतो. उईच्या बाबतीत हत्यारच धन्याचा ताबा घेते. हत्यार आपण हवे तेव्हा टाकून देऊ, हा नानाचा हिशेब बरोबर ठरतो. जर्मनीतील ‘नानां’चा तोच हिशेब चुकला.

नाटकाच्या मर्यादा

तथापि हे रूपक काही बाबतींत अपुरे पडते. नाटकातील भाजीविक्रेते केवळ दहशतीखाली आहेत. त्यांच्यापैकी कोणीही उईवर श्रद्धा ठेवत नाही. प्रत्यक्षात जुलै १९३२ मध्ये १ कोटी ३७ लाखांहून अधिक मतदारांनी स्वतःहून नाझी पक्षाला मत दिले होते. त्यांना खंडणीच्या धाकाने मतदानास नेले नव्हते. त्यांच्या मनात खरे भय होते आणि त्या भयाला आपल्या शेजाऱ्यांमध्येच शत्रू दाखवला गेला होता. भयाला असा चेहरा देणे हे चळवळीचे सर्वांत घातक कार्य होय. ज्यूद्वेषाला या नाटकात जवळजवळ स्थान नाही, ही त्याची गंभीर उणीव आहे. टोळीयुद्धाच्या रूपकात खंडणीचा व्यवहार चपखल बसतो. द्वेषातून मिळणारे समाधान मात्र त्यात बसत नाही. भीतीवर उभ्या राहिलेल्या चळवळीचे अनुयायी भेदरलेलेच असतात असे नाही. दुसऱ्याला भ्यालेले पाहण्यात ते स्वतःचे भय विसरतात.

आर्थिक हितसंबंधांवर भर देण्याच्या ब्रेख्तच्या दृष्टीमुळे हा मानसिक भाग दुर्लक्षित राहिला असावा. परिणामी नाटक प्रतिष्ठितांना जितके जाब विचारते, तितके सामान्य प्रेक्षकाला विचारत नाही. हे काम अखेरच्या उपसंहारावर सोपवलेले आहे. तेथे नट पुढे येऊन असे संकट पुन्हा जन्म घेऊ शकते, असा इशारा देतो.

समारोप

शेवटच्या प्रसंगात शिकागो व सिसेरो येथील भाजीविक्रेत्यांना उईच्या बाजूने हात वर करण्यास सांगितले जाते. ज्याला मान्य नसेल त्याने खुशाल निघून जावे, असेही सांगितले जाते. एकजण निघून जातो. पाठोपाठ गोळीचा आवाज येतो आणि सर्व हात वर होतात. येथवर आल्यावर नकाराचे मोल प्राणाइतके झालेले असते. नाटकाच्या आरंभी ते एका वाड्याइतकेच होते. डॉग्जबरोने ती भेट नाकारली असती, तर पुढील बरेच काही घडले नसते.

२३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकार देणारा कायदा जर्मन संसदेत ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. कम्युनिस्ट प्रतिनिधी तुरुंगात वा भूमिगत होते. सभागृहात गणवेशधारी पथके उभी होती. तरीही सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या उपस्थित ९४ प्रतिनिधींनी विरोधात मत दिले. त्या ९४ जणांनाही भय वाटत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यांनी केवळ अभय नाकारले. भय टाळणे माणसाच्या हाती नसते. भय दाखवणाऱ्याकडूनच अभय घ्यायचे की नाही, हे मात्र काही काळ तरी त्याच्या हाती असते. तो काळ किती अल्प असतो याची जाणीव करून देणे, हे ‘आर्तुरो उई’ या नाटकाचे चिरस्थायी मोल होय.